अ‍ॅडम्स राहिला

"गुडघा कसा आहे?" मी फोनवर विचारलं, तर दादा म्हणाला, "आहे अजून." त्यावरून मी काय ते समजले.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, नाशिकचा, चौपन्न वर्षांचा. कळसूबाईला किती वेळा गेला ते मोजणं त्याने सोडून दिलंय. हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने दोनदा. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो आमच्याकडे नॅशुआला येणार होता, म्हणजे न्यू हॅम्पशरच्या दक्षिण टोकाला. नायगारा, न्यूयॉर्क वगैरे त्याने तिकीट काढायच्या आधीच नाकारलं होतं. "तुमचा एक डोंगर दाखव, पुरे."

डोंगर ठरायला वेळ लागला नाही. प्रेसिडेन्शियल रांगेचं उत्तर टोक, माउंट अ‍ॅडम्स आणि माउंट मॅडिसन, दोन्ही एका दिवसात करायचे आणि गाडी लावू तिथेच परत यायचं. रांगेतला सगळ्यात उंच वॉशिंग्टन, पण त्याच्या माथ्यावर मोटारीही जातात आणि आगगाडीही, म्हणून तो बाद. डोंगर एका फोनमध्ये ठरला. वाटा ठरायला नऊ दिवस गेले.

आकडे ऐकून दादा आधी हसला. "मॅडिसन ५,३६७ फूट? अगं, कळसूबाई ५,४०० आहे." आहेच. अ‍ॅडम्स ५,७९३, म्हणजे तोही कळसूबाईपेक्षा चारशे फुटांनीच उंच. पण हिमालयात अकरा हजार फुटांवरही भूर्जाची झाडं दिसतात आणि इथे साडेचार हजारांच्या आसपास झाडं संपतात. अक्षांश ४४, त्यात वारा. वॉशिंग्टनच्या माथ्यावरच्या वेधशाळेत १२ एप्रिल १९३४ ला ताशी २३१ मैल वारा मोजला गेला, किलोमीटरमध्ये सांगायचं तर ३७२. तो डोंगर आमच्या डोंगरांच्या शेजारचाच. झाडं संपतात तिथून पुढे आडोसा नाही, माती नाही, नुसते दगड. बंगल्याएवढे नाहीत, पण फ्रिजएवढे, वॉशिंग मशीनएवढे, एकावर एक ओतल्यासारखे. हिमयुगापासून थंडीने कातळ फुटत आलाय त्याचा तो ढीग. वाट म्हणजे या दगडावरून त्या दगडावर.

शिवाय गाडी लावतो ती जागाच १,३०० फुटांवर. म्हणजे अ‍ॅडम्सपर्यंत सलग साडेचार हजार फूट चढ, पायथ्याच्या बारी गावातून कळसूबाईला होतो त्याच्या साधारण दीडपट. हे सांगितल्यावर दादाचं हसणं थांबलं आणि त्याने नकाशाचा फोटो मागितला.

इथे माझी एक जुनी फजिती सांगायला हवी, कारण पुढचा सगळा चिकटपणा तिच्यातून आला. तीन वर्षांपूर्वी ऑफिसातल्या दोघींबरोबर मी मॅडिसनला गेले होते. वाटा मी निवडल्या होत्या, आणि कशा, तर मोबाइलवर कुठल्या वाटेला किती तारे मिळालेत ते बघून. चढायला व्हॅली वे आणि उतरायला डॅनियल वेबस्टर स्काउट ट्रेल, कारण तिथले फोटो फार सुंदर होते. फोटो खोटे नव्हते. पण झाडं लागेपर्यंत ती वाट हलत्या दगडांवरून सरळ खाली जाते आणि संपते कुठे, तर डॉली कॉपच्या कॅम्पग्राउंडला, डोंगराच्या दुसऱ्या बाजूला. आमची गाडी होती अ‍ॅपलाचियाला. संध्याकाळी साडेसात वाजता, पायांत गोळे आलेले असताना, आम्ही तिघी एका अनोळखी आजी-आजोबांच्या गाडीत कुत्र्याशेजारी बसून परत आलो. कुत्रा ओला होता. मीच नकाशावर वर्तुळ पूर्ण होतंय की नाही ते न बघता निघाले होते, त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं.

म्हणून या वेळी कागदी नकाशा स्वयंपाकघराच्या टेबलावर पसरला आणि चार कोपऱ्यांवर मसाल्याच्या बरण्या ठेवल्या. अ‍ॅपलाचिया हे रँडॉल्फ गावातलं, रस्ता क्रमांक २ वरचं पार्किंग. पूर्वी तिथे रेल्वेचा थांबा होता. तिथून आणि आसपासून डोंगरावर इतक्या वाटा जातात की पहिला मैलभर नकाशा म्हणजे सांडलेल्या शेवया. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी उन्हाळ्यात इथे राहायला येणारी हौशी मंडळी आणि गावातले वाटाडे यांनी त्या पाडल्या. ज्याला जिथून सुचलं तिथून.

आणि त्या लोकांत दोन तट होते, हे कळल्यावर मला नकाशा वाचता यायला लागला. एका तटाला वाटायचं, शिखर दिसतंय ना, मग सरळ चढा. न्यू इंग्लंडमधल्या बहुतेक जुन्या वाटा अशाच आहेत. आपल्या ढोरवाटा किंवा हिमालयातल्या खेचरवाटा जशा वळणं घेत चढतात तसं काही नाही. दुसऱ्या तटात जे. रेनर एडमंड्स नावाचा माणूस. हार्वर्डच्या वेधशाळेत कामाला आणि सुट्टीत इथे वाटा बांधायला. चढ सौम्य ठेवायचा, दगड बाजूला करून चालायला जागा करायची, हा त्याचा आग्रह. व्हॅली वे त्याने १८९५ ते १८९७ मध्ये बांधली. वर दोन्ही शिखरांच्या मधल्या खिंडीतून वॉशिंग्टनकडे जाणारी गल्फसाइडही त्याचीच. दादाच्या गुडघ्यासाठी मला सव्वाशे वर्षांपूर्वीचा हा माणूस सापडला. उतरायला व्हॅली वे, एवढं पहिल्याच रात्री ठरलं. ३.८ मैल, जवळजवळ साडेतीन हजार फूट उतार, आणि मुख्य म्हणजे मॅडिसनच्या हटपासून, म्हणजे दोन्ही शिखरांमधल्या मुक्कामाच्या घरापासून, खालपर्यंत झाडांच्या आत. हवा बिघडली तर त्या बाजूची सगळ्यात सुरक्षित वाट तीच.

उतरायची वाट ठरल्यावर चढायच्या वाटेवरून भांडायला आम्ही मोकळे झालो.

दादाला हवी होती किंग रॅव्हिन. अ‍ॅडम्सच्या उत्तर अंगाला ही प्रचंड घळ आहे. टॉमस स्टार किंग नावाच्या धर्मोपदेशकाने १८५७ मध्ये ती हिंडून पाहिली म्हणून त्याचं नाव. तळाशी घराएवढे दगड, त्यांच्या खालून सरपटत जायचे बोगदे, उन्हाळ्यातही बर्फ टिकून राहणाऱ्या कपारी, आणि मग अर्ध्या मैलात हजारेक फूट चढणारी भिंत. "ही तर आपली नळीची वाट!" तो फोनवर ओरडला. फोटोवरून तसंच वाटतं. पण मी नकाशावर बोट ठेवून शोधत होते ती दुसरीच गोष्ट: अर्ध्यात जमेनासं झालं तर बाहेर कुठून पडायचं? किंग रॅव्हिनच्या भिंतीतून दोनच दिशा, वर किंवा आल्या वाटेने खाली. पाऊस पडून गेला की दगड साबणासारखे. पूर्वी तिकडून उतरलेल्या एका मैत्रिणीने मला एवढंच सांगितलं होतं, "चढ, उतरू नकोस." आणि आम्ही अर्ध्यातून परत फिरलो असतो तर नेमकं उतरणंच आलं असतं.

"तू फार घाबरट झालीस तिकडे जाऊन," दादा म्हणाला. मी म्हटलं, "बरं."

लोज पाथचाही विचार केला. १८७५-७६ ची, रँडॉल्फच्या बाजूने चढणारी सगळ्यात जुनी वाट. चढ बेताचा आणि वाटेत ग्रे नॉबची केबिन. पण ती सुरू होते अ‍ॅपलाचियापासून दोन मैल पश्चिमेला, आणि गाडीपर्यंतची शेवटची रपेट डांबरी रस्त्याने करायचा उत्साह मला ओल्या कुत्र्यानंतर उरला नव्हता. स्टार लेककडून अ‍ॅडम्सवर जाणारी एक मैलाची वाट आहे, तीही खोडली; नाव गोड आहे, पण चढ अंगावर येणारा आणि दगड हलणारे.

राहिली एअर लाइन. नावाप्रमाणेच सरळ: ४.३ मैलांत थेट अ‍ॅडम्स. ड्युरँड रिज नावाची सोंड धरून ती जाते आणि वरच्या भागात सोंड इतकी अरुंद होते की उजव्या हाताला किंग रॅव्हिन सगळी खाली उघडी दिसते. म्हणजे दादाला घळ दिसेल, फक्त घळीत उतरावं लागणार नाही. आणि खरं कारण एक बारीकशी रेघ होती, अपर ब्रुइन नावाची. एअर लाइन झाडांबाहेर पडते तिथून जवळच, जेमतेम पाव मैलाची ही जोडवाट डावीकडे खाली उतरून व्हॅली वेला मिळते. वर वारा असह्य झाला तर पाव मैलात आपण पुन्हा झाडांत. नऊ दिवसांतला माझा सगळ्यात मोठा आनंद ती रेघ सापडली तो. दादाला फोन केला तर तो म्हणाला, "म्हणजे पळवाट." हो, पळवाट.

हिशेब असा झाला. इकडे जुना नियम आहे, मैलाला अर्धा तास आणि हजार फूट चढाला आणखी अर्धा. आमचं वर्तुळ दहा मैलांचं, चढ सगळा मिळून पाच हजार फूट: साडेसात तास. त्यात दगड, गुडघा, फोटो आणि दादाचं प्रत्येक फुलापाशी बसणं धरून मी दहा तास लिहिले. सूर्यास्त सव्वासातला. दुपारी एकपर्यंत अ‍ॅडम्सच्या वाटेला लागलो नाही तर अ‍ॅडम्स सोडायचा, असं नकाशाच्या कडेला पेन्सिलीने लिहून त्याखाली दोघांच्या सह्या केल्या. सही करताना दादा विमानातून उतरून दोन दिवस झाले होते आणि पहाटे तीनला जागा होत होता, तेव्हा लवकर निघणं काही अवघड नव्हतं. डोंगराजवळ गोरममध्ये आदल्या रात्री राहायचं मोटेलही मी बघून ठेवलं होतं. रात्रीचे १८० डॉलर दिसले आणि मी ते पान बंद केलं. पावणेतीन तासांचा तर रस्ता आहे.

न्यू हॅम्पशरचं बचावकार्याचं एक कार्ड मिळतं, माणशी २५ डॉलर. निष्काळजीपणा झाला तर सुटकेचा खर्च अंगावर येऊ शकतो, त्यापासून संरक्षण. दोघांची काढली. दादाने त्याचं नाव ठेवलं, "देवाला नारळ."

वेधशाळा उंच शिखरांसाठी रोज वेगळा अंदाज देते. त्या दिवशीचा असा: सकाळी शिखरं ढगात, दुपारपर्यंत मोकळी होतील, वारा वायव्येकडून ताशी ३० ते ४५ मैल, तापमान पाच अंशांच्या आसपास. जाण्यासारखा दिवस होता, फक्त तयारीने. घरातून पावणेपाचला निघालो आणि मधे पेट्रोल-कॉफी करून अ‍ॅपलाचियाला चालायला सुरुवात केली सात-चाळीसला. पार्किंग जवळजवळ भरलेलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

खालचे तीन मैल जंगलातले. चढ, मुळं, चढ. दादा घामाने निथळत म्हणाला की या लोकांना वळण नावाचा प्रकार माहीत नाही का. मी एडमंड्सचं नाव घेतलं, तर "त्याची वाट आपण उतरायला ठेवलीय, शाबास," असं म्हणून तो पुढे गेला. मॅपल, बर्च संपले, स्प्रूस आणि फर आले, मग ते खांद्याएवढे, कमरेएवढे झाले, आणि मग वाऱ्याने चटईसारखे जमिनीला दाबलेले. तिथे वन खात्याची पिवळी पाटी: थांबा, पुढच्या भागात अमेरिकेतली सगळ्यात वाईट हवा असते, उन्हाळ्यातसुद्धा अनेक जण गारठून मेले आहेत, हवा वाईट असेल तर आत्ताच मागे फिरा. दादाने पाटी दोनदा वाचली. मग काही न बोलता सॅकमधून वारा अडवणारं जाकीट काढलं आणि कानटोपी घातली. घाबरट शब्द त्यानंतर निघाला नाही.

पावणेअकराला आम्ही झाडांबाहेर आलो आणि वाऱ्याने पहिला धक्का दिला. ढग आमच्या डोक्यावर शंभर फुटांवर कापल्यासारखा आडवा. अपर ब्रुइनच्या फाट्यापाशी, शेवटच्या खुरट्या फरच्या आडोशाला आम्ही पंधरा मिनिटं बसलो. दशमी आणि शेंगदाण्याची चटणी. बोलायचं ते हेच की पळवाट इथे आहे, पुढे नाही, जायचं का? दादा उठून धारेवर पंचवीस पावलं गेला, उभा राहिला, परत आला. "ढकलतोय, पण पाडत नाहीये. आणि ढकलतोय घळीपासून लांब." हे त्याचं निरीक्षण सोन्यासारखं होतं. वारा वायव्येचा, घळ उजवीकडे पश्चिमेला. म्हणजे झोत दरीकडून आमच्याकडे. उलट असता तर मी तिथूनच खाली वळले असते.

ती धार पाऊण तासात पार झाली, पण मला तिचा दगडन्‌दगड आठवतो. अभ्रकाने चमकणारे खडक, त्यांवर पिवळट हिरवं दगडफूल नकाशासारखं पसरलेलं. ओलं नसेल तर त्यावर बूट छान धरतो. हात वापरावे लागतात, जागोजागी. एका ठिकाणी दादा दोन्ही हात एका पाषाणावर टेकून वाकला आणि उजवीकडे बघत तसाच राहिला. ढगाला भोक पडलं होतं आणि त्यातून किंग रॅव्हिनचा तळ दिसत होता, हजारेक फूट खाली, दगड एवढेएवढे, आणि त्यांच्यामधून चालणारे दोन ठिपके, एक लाल, एक निळा. "बघ, गेले की नाही लोक," तो वाऱ्यात ओरडला. गेले होते. चांगले चालतही होते.

वरचा फाटा. सरळ गेलं तर अ‍ॅडम्स, डावीकडे थोड्याच अंतरावर मॅडिसनचा हट. आमचा मूळ बेत सरळ जायचा होता. पण अ‍ॅडम्स गुडघ्यापर्यंतच दिसत होता, वर पांढरं. त्याच्या अंगाखांद्यावर नुसता दगडांचा पसारा. धार नाही, की चुकलो तर पायाला कळेल. मॅडिसन हटपासून अर्धाच मैल, आणि त्यावरून अ‍ॅपलाचियन ट्रेल जाते, तिच्या पांढऱ्या पट्ट्या आणि दगड रचून केलेल्या खुणा एकीपासून दुसरी दिसेल अशा. आम्ही क्रम उलटा केला: आधी हट, मग मॅडिसन, तोपर्यंत आभाळ उघडेल, मग अ‍ॅडम्स. कागदावर हे बरोबर होतं. अजूनही वाटतं.

मॅडिसनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. धुकं, वारा, दगड, पुढच्या खुणेपर्यंत चालायचं, मग पुढची शोधायची. माथ्यावर दादाने माझ्या कानात ओरडून सांगितलं की आता आपण कळसूबाईच्या तेहतीस फूट खाली उभे आहोत. उतरताना मात्र त्याने दर दगडावर आधी काठी, मग डावा पाय, मग उजवा, असं सुरू केलं आणि मी घड्याळ बघायचं बंद केलं.

हटवर परतलो तेव्हा दोन वाजले होते. हा हट १८८८ सालापासून त्या जागेवर आहे. अ‍ॅपलाचियन माउंटन क्लबचा सगळ्यात जुना. आत ओल्या मोज्यांचा आणि पावाचा वास. आम्ही सूप घेतलं. दादा खिडकीकडे तोंड करून बसला होता, त्यामुळे त्याला आधी दिसलं. चमचा हवेत थांबला.

अ‍ॅडम्स उघडा पडला होता. एकही ढग नाही, टोकापर्यंत लख्ख, आणि टोकावर माणसं.

"तास जायला, तास यायला," दादा म्हणाला.

"तुला?"

त्याने उत्तर दिलं नाही. मी मनात मांडत होते. सव्वादोन. अ‍ॅडम्स करून हटवर परत साडेचार, प्रामाणिकपणे धरलं तर पावणेपाच. व्हॅली वे त्याच्या काठी-डावा-उजवा चालीने सव्वातीन तास. आठ वाजणार, शेवटचा पाऊण तास अंधारात. डोक्याचे दिवे होते दोघांकडे. वाट एडमंड्सची. हवा सुधारलेली. नाही म्हणायला माझ्याकडे पेन्सिलीने लिहिलेल्या एका ओळीखेरीज काही नव्हतं आणि ती ओळ मी धुक्याचा विचार करून लिहिली होती की गुडघ्याचा, ते मलाच नीट सांगता आलं नसतं.

मी नकाशा काढून त्याच्यापुढे ठेवला. त्याने स्वतःची सही बघितली. "वकील व्हायला हवी होतीस," म्हणाला आणि सूप संपवलं.

व्हॅली वे पावणेतीनला धरली. सुरुवातीचा भाग वाटला होता त्यापेक्षा उभा आहे, तिथे एडमंड्सबद्दल दादा बरंच बोलला. मग उतार सौम्य होत गेला, ओढ्याचा आवाज सोबतीला आला, आणि शेवटच्या दीड मैलात तर तो शीळ घालत चालत होता. सहाला पाच कमी असताना गाडीपाशी पोचलो. लख्ख उजेड. सव्वा तासाहून जास्त दिवस शिल्लक.

रस्त्यापलीकडे जाऊन दादाने रांगेचा फोटो काढला. संध्याकाळच्या उन्हात ड्युरँड रिज, तिच्या उजवीकडे घळीची सावली, वर अ‍ॅडम्स. कुठली सोंड, कुठली घळ ते त्याने मला विचारून घेतलं आणि मी दाखवलं. बूट काढून, मोजे झटकून तो सीटवर बसला. गोरमच्या दिशेची पाटी दिसत होती.

"पहाटे साडेपाचला इथे असतो तर?"

"तर दोन्ही झाले असते."

"त्या मोटेलचे किती होते म्हणालीस?"

"एकशे ऐंशी."

दादाने पट्टा लावला आणि नॅशुआ येईपर्यंत दर अर्ध्या तासाने तेवढाच आकडा म्हणत राहिला.